क्लाइव्हचं मत

ऑस्ट्रेलियातल्या गिरावीनच्या शाळेतली मतदानाची रांग थेट सॉसेजच्या स्टॉलपर्यंत आली होती. पुढचं जोडपं वसईच्या हेलात भांडायला लागलं, तसं चारुताने कानातलं गाणं बंद केलं.

“सॅन्ड्रा, तुझ्या भावासारखा मतदार मी नाही पाहिला. तिकडे इंग्लंडात क्लाइव्हने युरोपातून बाहेर पडायला मत दिलं, आणि त्याचा कारखानाच उठून युरोपात गेला!”

“त्याच्या गावात खाण बंद, बस बंद, लायब्ररी बंद. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही, एलायस. पहिल्यांदा विचारलं, तेव्हा लोकांनी राग काढला.”

“युरोपच्याच पैशाने तिथे हॉल बांधला होता ना?”

“नाचायला. नोकरी नव्हती त्यात.”

“आता तरी कुठेय नोकरी?”

“म्हणूनच इकडे येतोय ना! व्हिसा झाला की आपल्या पुढच्या खोलीत राहील. तू हो म्हणालायस.”

“मग? मी कुठे नाही म्हणतोय?”

“बरं, तू मत कोणाला देणार?”

“बाहेरून येणाऱ्यांना थांबवतो म्हणतोय, त्याला. सकाळी ट्रेनमध्ये उभं राहायला जागा नसते.”

“आणि क्लाइव्हचा व्हिसा?”

“वेडी आहेस का? आपल्या माणसांना थोडेच अडवणार? त्या दुसऱ्यांना अडवतील.”

सॅन्ड्रा दोन पावलं पुढे सरकली.

“क्लाइव्हही तेव्हा हेच म्हणाला होता. पोलंडवाले जातील आणि वसईवाल्यांना दार उघडेल.”

“तिकडचं वेगळं होतं गं. चल, आपला नंबर आला.”