पाच मिनिटांत येतो

नाही नाही, कोट ने तू सुबोध. मिनिआपोलिसला लागणारच तुला, आणि इथे बिशानच्या दमट हवेत नुसती बुरशी धरतेय त्याला—आमच्या यांनी तिथे ऑफिसच्या कामाला असताना जेमतेम दोन महिने घातला. बस जरा. घर भाड्याने घेतलंयस ना? मग बर्फ तुलाच काढावा लागणार. फावडं भरून उचलायचं नाही हं—थोडा थोडा ढकलायचा. आधी घरातच हातपाय हलवून अंग गरम करायचं, नाकातोंडावर मफलर, दर दहा मिनिटांनी आत यायचं. मला कसं माहीत? मी कुठे पाहिलाय बर्फ! तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं—नंतर.

त्या दिवशी इथे सकाळचे सात, मुलं शाळेत गेलेली. तिथे संध्याकाळचे पाच, उणे चोवीस. मीच मागे लागले होते—मुलांच्या इथे परदेशात राहायच्या पासचे कागद सही करून आजच कुरियर करा, मुदत संपतेय. गाडी बर्फात अडकलेली. म्हणाले, "गिरिजा, छातीत जड वाटतंय गं, उद्या काढतो." आणि मी काय म्हणाले सांगू?—"गॅस असेल, ओवा खा." हसले रे मी. हे सासूबाईंनाही बोललेले नाही.

"फोन ठेवू नकोस, पाच मिनिटांत येतो," म्हणाले, आणि रिसीव्हर ओट्यावर ठेवून गेले. गॅरेजचं दार उघडं असावं, फावडं ऐकू येत होतं—खर्र, खर्र. मग थांबलं. मला वाटलं, दम खातायत. दहा मिनिटं मी नुसती बसून होते! मग ओरडायला लागले—अहो, ऐकताय का, अहो! शेजारच्या मिसेस टॅन धावत आल्या, तर त्यांना काय सांगू? तिथल्या शेजाऱ्यांची नावं माहीत नाहीत, अँब्युलन्स इथून कशी बोलवायची माहीत नाही. त्यांनी आपल्या फोनवरून यांच्या इथल्या ऑफिसला लावला—इतक्या सकाळी कोण उचलणार? आणि माझ्या हातातला फोन ठेवायचा धीर होईना. पाऊण तासाने तिकडून फोनवर एक बाई बोलली, हॅलो, हॅलो—समोरच्या घरातली. तिला हे बाहेर पडलेले दिसले होते. तोवर सगळं संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही इतक्या लांबून काय करणार होतात? खरंय. पण जा असं तर मीच म्हणाले होते ना—

नको, पाणी नको. तू ऊठ आता. मुलं येतील शाळेतून. जा ना रे.