बारा पॉइंट आणि एक बदाम

मंडळी, ऐका! बुवांचा घसा बसलाय, म्हणून आज कीर्तनाला मला उभं केलंय. मी आपला पुस्तकात डोकं घालून बसणारा माणूस. मला हे जमेल का? शंका आहे! पेटीवाले, मी अडखळलो की तुम्ही जरा मोठ्यानं वाजवा. म्हणजे झाकलं जाईल.

तर प्रश्न असा. ज्याच्याकडे भरपूर आहे, तो बोलतो. ज्याच्याकडे काहीच नाही, तो गप्प बसतो. इथवर कुणाचं भांडण नाही. पण ज्याच्याकडे जेमतेम आहे – ना धड भरलेलं, ना धड रिकामं – त्यानं तोंड उघडावं की नाही?

बघा, सगळे खाली बघायला लागले! म्हणजे इथं सगळेच जेमतेम. मग ऐका.

आपल्या देवरुखात पत्त्यांचा एक क्लब आहे. देवळात पत्त्यांची गोष्ट, म्हणून नाक मुरडू नका. तिथं ब्रिज खेळतात. चौघांचा खेळ. समोरासमोर बसतात ते दोघे जोडीदार. खेळण्याआधी बोली लागते – आम्ही इतके हात करू म्हणून. आणि गंमत काय? जोडीदार समोरच बसलाय, पण त्याचे पत्ते तुम्हाला दिसत नाहीत! आपले बघायचे, आणि त्याच्या भरवशावर बोलायचं.

बोलायचं कधी? एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. तेरा भरले की खुशाल बोली उघडा. अकरा असतील तर 'पास' म्हणा. आणि बारा आले तर? हां! तिथंच माणूस घामाघूम होतो. त्यात पत्ते सपाट असले – सगळ्या रंगांचे सारखेच, कुठं लांबी नाही, कुठं तुटवडा नाही – तर विचारूच नका. तुमच्या-माझ्यासारखे पत्ते हो! नाव ठेवायला जागा नाही, आणि नाव घ्यायलाही नाही!

या क्लबात भार्गवराव सोहोनी खेळायचे. वजनमापे खात्यातून निवृत्त. बायकोला जाऊन बरीच वर्षं झालेली. जन्म काट्यांवर शिक्के मारण्यात गेला. त्यांचा नियम – तेरा म्हणजे तेरा! बारा आले की मान खाली, आवाज बारीक – "पास."

आणि समोर जोडीदार कोण? कुमुदताई लिमये. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्याही एकट्या. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. गाव त्यांना ताई म्हणायचं. भार्गवराव मात्र ताई म्हणत नसत. काहीच म्हणत नसत! 'अहो' म्हणायची सोय नाही, आणि 'ताई' म्हणायची इच्छा नाही! मग नुसतं खाकरायचे. क्लबात कळायचं सगळ्यांना – हे खाकरणं घशाचं, ते खाकरणं ताईंसाठी.

हसता काय? तुम्ही काय कमी खाकरलात?

एकदा क्लबाच्या स्पर्धेत असा डाव आला. भार्गवरावांकडे बारा. सपाट. "पास." डावीकडे दिगूशेठ पावसकर – तोंडात पान, जिभेवर टोमणा – "पास." कुमुदताई, "पास." डॉक्टर रेडीज, "पास." चौघं गप्प! पत्ते गोळा! आणि मग ताईंनी विचारलं, "तुमच्याकडे किती होते हो?"

"बारा."

"माझ्याकडेही बारा!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचाच नियम ना? तेरा म्हणजे तेरा! दोघांचे मिळून चोवीस, सोहोनी! डाव आपला होता. आणि आपण दोघं बसलो पासपास करत!"

दिगूशेठ म्हणाला, "सोहोन्यांनी लग्नातसुद्धा अंतरपाटाआडून पासच म्हटलं असेल!"

बरं, तेच पत्ते मग दुसऱ्या टेबलावर गेले – स्पर्धेत तशी पद्धत असते – आणि तिथल्या जोडीनं तोच डाव बोलून जिंकला. लक्षात घ्या, मंडळी! पत्ते तेच! देवानं वाटण्यात काही कमी केलं नव्हतं!

त्या संध्याकाळी चहा पिताना ताई सहज म्हणाल्या, "मुलगी न्यायला येतेय. ठाण्याला. या स्पर्धेनंतर मी जायची."

म्हणाल्या आणि थांबल्या. कप बशीत ठेवला. भार्गवरावांकडे बघितलं. अहो, बोली फिरून यांच्यावर आली होती! आता बोला! बोला की! पेटीवाले, तुम्ही काय बोलला असता? – बघा, लाजले!

भार्गवराव खाकरले. आणि म्हणाले, "ठाण्याला पाणी बरं आहे."

पास!!

ताई उठून गेल्या. हे घरी आले आणि स्वतःला तोलायला बसले. सवयच ती! सत्तरी जवळ आलेली – एवढं वजा. गुडघा दुखतो – थोडं वजा. चहा बरा करता येतो – थोडं जमा. दारात विहीर आहे – जमा. घोरतो – वजा! कितीदा तोललं, काटा बाराच्या पुढं सरकेना.

मग काय केलं? आपण काय करतो? देवावर ढकललं! ग्रामदेवीकडे गेले कौल लावायला. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे – मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गुरवानं फुलं लावली. विचारलं, "काय गाऱ्हाणं घालू?"

आता गुरवाला काय सांगणार? भार्गवराव डोळे मिटून म्हणाले, "विचारा देवीला – बारावर उघडू का?"

गुरव म्हणाला, "अवो, बाराला देऊळ बंद व्हतं! उघडतंय कशाला?"

"देऊळ नाही हो!"

"मग दुकान काढताय का?"

शेवटी कसंबसं गाऱ्हाणं घातलं. आणि फूल? उजवं पडेना. डावंही पडेना. दोन्ही आपली चिकटून बसलेली! मंडळी, देवीनंसुद्धा पास दिला! म्हणाली असेल, माझ्यावर काय ढकलतोस बाबा, पहिली बोली तुझी आहे!

स्पर्धेचा शेवटचा दिवस. ताईंची बॅग भरलेली, मुलगी घरी येऊन बसलेली. शेवटचा डाव. पहिलं बोलायचं भार्गवरावांनी. पत्ते उचलले – दोन एक्के, एक राजा, एक गुलाम. मोजा! चार नि चार आठ, तीन अकरा, एक... बारा! आणि कसे? सपाट!

दिगूशेठ म्हणाला, "सोहोनी, पास म्हणा आणि चहा सांगा. विचार कसला करताय?"

ताई आपल्या पत्त्यांत बघताहेत. वर बघायला तयार नाहीत.

भार्गवराव खाकरले. एकदा. पुन्हा. डॉक्टर म्हणाले, "कफ झालाय का?" आणि मंडळी, ज्या माणसानं जन्मात बारावर तोंड उघडलं नाही, तो म्हणाला –

"एक बदाम!"

काय म्हणाला? पुन्हा सांगा! एक बदाम! पत्त्यावरच्या बदामाचा आकार कसा असतो, ते मी काढून दाखवत नाही. मला लाज वाटते. तुम्हीच आठवा!

दिगूशेठचं पान तोंडातच राहिलं. कसाबसा म्हणाला, "पास." आणि ताई? एक नाही, दोन नाही, तीन नाही – "चार बदाम!" बोलीत पहिले सहा हात धरलेलेच असतात, वर हे चार – एकदम दहा हातांची बोली!

ताईंचे पत्ते टेबलावर उघडे मांडले गेले. बोली लागली की जोडीदाराचे पत्ते असे मांडतात. भार्गवराव बघतच राहिले. बदाम होते, राजा होता, राणी होती. सगळं होतं! इतके दिवस समोर, एका हाताच्या अंतरावर! तोंड उघडल्याशिवाय ते दिसणार कसं होतं?

मग जिंकले का? नाही! खोटं कशाला सांगू? नऊच हात झाले. डाव बुडाला. स्पर्धा दिगूशेठनं नेली.

"सांगत होतो!" दिगूशेठ ओरडला. "बारावर उघडू नये!"

भार्गवरावांचा चेहरा एवढासा झाला. ताईंना म्हणाले, "चुकलं माझं. एक हात कमी पडला."

ताई म्हणाल्या, "कमी पडला तर मागावा माणसानं!"

भार्गवरावांच्या घशाशी खाकरणं आलं. त्यांनी ते गिळलं.

"ठाण्याला जाऊ नका."

"मग राहू कुठं?"

"माझ्याकडे. विहीर आहे."

"विहिरीत राहू?"

"नाही, नाही! घर पण आहे! मी... तुमचा हात... मागतोय!"

ताईंनी पत्त्यांवरून हात पुढं केला. म्हणाल्या, "घ्या. झाले दहा!"

आता मंडळी, तुमच्याकडे वळतो. तुम्ही म्हणता, मन स्थिर झालं की नाम घेऊ. राग गेला की घेऊ. जरा चांगले झालो की त्याच्यासमोर उभे राहू. तेरा होऊ द्यात, मग उघडू! अरे, तो गाभाऱ्यात जोडीदार म्हणून समोर बसलाय! त्याच्या हातात काय आहे, याचा हिशोब तुम्ही तुमच्या बारांवरून करता? आणि घरात जो समोर बसतो, ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय, त्याचंही तेच. डाव बुडेल? बुडू दे की! बुडालेल्या डावातच हात मागता येतो. गोळा केलेल्या पत्त्यांत काय मागणार?

माझा आवाज बारीक आहे. भक्ती बाराचीच, खरं सांगायचं तर अकराचीच असेल. तरी नाम मी पहिलं म्हणतो, तुम्ही मागून म्हणा. आणि कुणी उठू नका! आज प्रसादाला बदामाचा शिरा आहे. कुणाकडून, ते सांगणार नाही. पण वाढणारे पानासमोर येऊन खाकरतील.

पास म्हणू नका!