हातांची फुली

आदिलाबादच्या बसस्टँडवर मुधोळच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या कुसुमबाईंच्या मागच्या बाकावर एक पोरगी आपल्या मामावर कडाडली.

“मामा, पाहुण्याइले होकार काऊन देला तुमी?”

“तूच तं मोबाइलवर बाईचं चित्र धाडलं, दीक्षा.”

“त्या इमोजीतल्या बाईनं हातांची फुली केली हाय! म्हंजे नाही! साफ नाही!”

“मले वाटलं, हात वर करून नाचून राह्यली. खुशीत हाय म्हटलं पोरगी.”

“नाचून?”

“अवं, चित्र काऊन धाडाचं? तोंडानं सांगाचं ना सरळ.”

“तोंडानं सांगतलं, तं तुमी म्हणाले, लाजते. पाहुण्याइसमोर मान हालवली, तं म्हणाले, लाजते. रडली, तं म्हणाले, माहेर सुटते म्हणून रडते. मंग चित्र धाडलं. म्हटलं, चित्र तं लाजत नाही!”

“आता जबान देली ना बाई म्या. मुधोळात काय तोंड दाखवू?”

“जबान तुमची अन् लगन माहं? येऊ द्या गाडी. त्याइच्या दारात मीच उभी राह्यते, अशी!”

कुसुमबाईंनी वळून पाहिलं. पोरीनं छातीवर दोन्ही हातांची घट्ट फुली केली होती.

गाडी लागली. मामा चढला, मागोमाग दीक्षा. कुसुमबाई बसूनच राहिल्या. मांडीवरच्या पिशवीत लेकीच्या सोयरिकीचा होकार कळवायला घेतलेले पेढे होते. त्यांनी घरी नवऱ्याला फोन लावला.

“अवो, सुवर्णाच्या हातात फोन द्या... लाजत-बिजत काही नाही ते! द्या म्हणते ना!”