रिकामी नव्हती ती कॅसेट

माहं नाव यूसुफ. सिंदेवाहीत बस स्टँडच्या मागं जुनी गल्ली हाये, तिथी माहं दुकान, रेडिओ अन् टेप दुरुस्तीचं. आमचा बाप गॅसबत्त्या दुरुस्त करे. काय सांगू तुम्हाले, त्या वक्ती खेड्यात लाईट नव्हती, लग्न असो का नाटक असो गॅसबत्ती पाहिजेच, अन् आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का नाटकं सुरू, तं होळीपर्यंत बापाले जेवाले फुरसत नसे. घरी आम्ही हिंदी बोलतो, दुकानात हे असं, तुमच्याशी बोलून राह्यलो तसं. मग गावोगावी लाईट आली, बत्त्या गेल्या, बाप रेडिओ उघडाले शिकला, त्याचं पाहून मी शिकलो, अन् मग आली टेप. टेप आली अन् माहे दिवस आले. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं सायकली लावाले जागा नसे. कोणाच्या कॅसेटची पट्टी गुतली, कोणाचा पट्टा ढिला, कोणाचा हेड मळला. हेड म्हणजे जे पट्टीले लागून आवाज काढते ते. स्पिरिट लावून पुसलं का आवाज मोकळा.

आता लोकं म्हणतात का कॅसेटचे दिवस परत आले. म्हणू द्या. मले त्याचाच राग हाये, अन् तोच सांगाले बसलो.

इंदूबाई म्हणून एक बाई हाये, इथून जंगलाकडं जाणाऱ्या रस्त्यावर गाव हाये तिचं. थोडं धानाचं वावर. नवरा महादेव, तो घुग्घुसले खाणीवर कामाले गेला. लिहाले वाचाले दोघाले येत नाई. चिठ्ठी लिहून घ्यायची तं दुसऱ्याच्या तोंडाले पाहा, वाचून घ्यायची तं परत दुसरा, अन् नवरा-बायकोचं बोलणं दुसऱ्यानं काऊन वाचावं. तं महादेवनं डोकं लावलं. त्याच्या खोलीतल्या एकापाशी टेप होता, त्याच्यात बोले अन् गावाकडं येणाऱ्याच्या हातानं ते कॅसेट पाठवे. इंदूबाई ते घेऊन माह्या दुकानात ये. मी कॅसेट लावून द्यावं, बटन दाबावं अन् बाहेर बाकावर जाऊन बसावं. ऐकून झालं का तिचं बोलणं त्याच कॅसेटवर भरून द्यावं, त्याच्या बोलण्यावरच. एकच कॅसेट, तेच जाये तेच ये. बाई बोले पण एवढ्या जोरात का जसं घुग्घुसले सरळ ऐकू गेलं पाहिजे. बाकावर बसून मले शेरडी व्याली, बांध फुटला, सारं ऐकू ये. महादेवचं मात्र म्या कधी ऐकलं नाई. त्याचा आवाज बारीक, दारापर्यंतच ये नाई. मधातच बाई हसे, तेवढंच समजे.

एका पावसाळ्यात महादेव तापानं गेला. कपड्याची पिशवी घरी आली, तिच्यात ते कॅसेट. त्यानं भरून ठेवलं होतं, पाठवाचं राहून गेलं होतं. इंदूबाई तेरवीचे दिवस झाल्यावर आली, कॅसेट पुढं केलं. म्या लावलं अन् बाहेर बसलो. तुम्हाले खोटं नाई सांगत, आतमंदी बाई हसली. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेली बाई हसली.

ते कॅसेट तिनं माह्याकडंच ठेवलं. म्हणे, भाऊ, माह्या घरी उंदरं हायेत, वरून गळते, अन् टेप बी नाई, तुमच्या कपाटात राहू द्या. दरसाल धानाची मळणी झाली का ती ये, एकदा ऐके, चहा पिऊन जाये. पहिले काळ्या केसाची ये, मग पांढऱ्या. असेच अजून बऱ्याच जणांचे आवाज माह्या कपाटात होते, कोणाच्या मायची धानाच्या रोवण्याची गाणी, कोणाच्या बापाचं भजन. सगळ्यावर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या.

माहा लहान भाऊ सलीम, दुकानाच्या पुढच्या भागात मोबाईलचं पाहते. मी डोळ्याच्या ऑपरेशनले चंद्रपूरले गेलो, आठ दिवस पोरीकडं राह्यलो. आलो, कपाट उघडलं, तं कपाट रिकामं. म्या म्हणलं सलीम, कॅसेटी कुठी हायेत. तो फोनात पाहात पाहातच म्हणे, भाई, कचरा गेला, नागपूरचा एक जण इंटरनेटवर जुन्या कॅसेटी शोधून राह्यला होता, आजकाल शहरातल्या लोकाले त्याची हौस आली हाये, सगळ्या देऊन टाकल्या. अन् चिठ्ठ्या? चिठ्ठ्या काढून टाकल्या, म्हणे, साफ दिसाले पाहिजे ना.

त्या दिवशी म्या सलीमवर हात उचलला. बाप मेल्यावर म्या वाढवला त्याले, जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. डोळ्याले पट्टी, अन् गल्लीतले लोकं पाहून राह्यले. तो म्हणे, त्या कोण ऐकून राह्यलं होतं भाई, दहा दहा साल कोणी विचारत नाई. मले त्याचं हे बोलणं आजही आठवलं का डोकं फिरते. कोणी विचारत नाई म्हणून का ते आपलं होते?

दुसऱ्या दिवशी त्याले घेऊन नागपूरले गेलो. डॉक्टर म्हणे होते बाहेर जाऊ नका. गेलो. तिसऱ्या माळ्यावर खोली, तीस-बत्तीसचा माणूस, दाढी, बोलाले लय गोड. त्यानं चहा केला. भिंतीले साऱ्या जुन्या टेपा लावलेल्या, त्यातल्या दोन-तीन चालू होत्या, त्यांच्या तं मी नुसत्या आवाजावरून सांगू शकत होतो का पट्टा ढिला हाये. त्यानं मले समजावलं का काका, आता लोकाले गाणं हातात धराले पाहिजे, मोबाईलवर मजा नाई, तं आम्ही आमची गाणी कॅसेटवर काढतो, अन् नव्या पट्टीपेक्षा जुन्या पट्टीवर आवाजात एक ऊब येते. म्या म्हणलं, ती ऊब कोणाची होती ते पाह्यलं का.

म्या विचारलं, त्याच्यावर तुमचं गाणं भराच्या पहिले एकदा तरी ऐकलं का? तो म्हणे, हो, थोडं ऐकलं, कोणीतरी बोलत होतं. कोणीतरी. म्या म्हणलं काय बोलत होतं. तो म्हणे, असंच, साधं बोलणं होतं काका, घरातलं.

तुम्ही सांगा आता. माणूस बोलून राह्यला हे ऐकलं, अन् त्याच्यावर गाणं भरलं. गाणं नसतं ऐकून पुसलं त्यानं, भजन नसतं पुसलं. साधं बोलणं म्हणून पुसलं.

त्याले लाज वाटली, खोटं काऊन बोलू. खोकाच पुढं केला, सगळं घेऊन जा म्हणे. बऱ्याच कॅसेटी तशाच होत्या, अल्लाची मेहरबानी. इंदूबाईचं शोधून काढलं. तिले वाचता येत नसे म्हणून ओळखीसाठी तिनं त्याच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, तो चिठ्ठीसारखा निघाला नाई. ते भरलेल्यातच होतं. म्या तिथीच लावलं. गिटार वाजे, कोणी इंग्रजीत गाये. मी ऐकत बसलो, सलीम खाली मान घालून. गाणी संपली, खट्ट झालं, अन् मधातूनच माणूस बोलाले लागला. नागपूरवाल्याचं गाणं पट्टीपेक्षा छोटं पडलं होतं, म्हणून शेवटचं थोडं वाचलं होतं. इतक्या वर्षानं मी पहिल्यांदा महादेवचं ऐकलं. तो म्हणे, छपराचे कवेलू फिरवून घेजो, देवघराच्या कोपऱ्यात गळते. लाल शेरडी इकू नको. मी धान कापाले येतो. आता पट्टी संपून राह्यली, ठेवतो. बस. एवढंच.

बसमंदी येताना माहा राग माह्यावर आला. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक खुंट्या राहतात. त्या तोडल्या का त्याच्यावर दुसरं काही भरता येत नाई. एवढी साधी गोष्ट, अख्खी जिंदगी मी लोकाले सांगत आलो. इंदूबाईच्या कॅसेटीवर येणंजाणं चाले म्हणून तोडल्या नव्हत्या, अन् महादेव गेल्यावर तोडाचं सुचलंच नाई. अन् दुसरं असं का मी बाहेर बसलो. शिस्तीनं बाहेर बसलो. एकदा जरी कान देऊन ऐकलं असतं, तं आज बाईले सांगता आलं असतं का पुसलं गेलं ते काय होतं.

तिच्या गावी गेलो, सलीमले संगं नेलं. अंगणात धान वाळत होतं. माहा टेप नेला होता, सगळं सांगितलं, काही लपवलं नाई. तिनं पूर्ण ऐकलं, ते इंग्रजी गाणं बी, हात मांडीवर ठेवून. मग महादेव बोलला. मग खट्ट.

ती रडली नाई. म्हणे, हसवणारं पहिले होतं भाऊ, ते गेलं. कवेल्याचं तं मले पाठच हाये. मग सलीमकडं पाह्यलं अन् विचारलं, बापू, तुले ऐकू नाई आलं का? सलीम म्हणे, म्या ऐकलंच नाई बाई, लावलंच नाई. ती म्हणे, तेच तं.

म्या विचारलं, ते गाणं पुसून देऊ का, तेवढी पट्टी कोरी करून देतो. तं एकदम चिडली. इतक्या वर्षात पहिल्यांदा तिचा आवाज माह्यावर चढला. म्हणे, काही पुसू नका, लय पुसलं तुम्ही लोकांनी. म्या मान खाली घातली. तिथीच तिच्यासमोर खुंट्या तोडल्या अन् टेप तिथीच ठेवून आलो, माहा चांगला टेप, जो मी कोणाले हात लावू देत नव्हतो.

आता महिन्यातून एखादा तरी येते, नागपूरचा नाई तं चंद्रपूरचा, कॉलेजातला, म्हणे काका, आज्याचा टेप चालू करून द्या. करून देतो, पोट हायेच ना. पण पहिले विचारतो, आतल्या कॅसेटीत कोण हाये. नाई माहीत म्हणलं का बसवतो, पूर्ण ऐकाले लावतो, मगच मशीन हातात देतो. काही लोकं बडबड करत जातात. जाऊ द्या. सलीमशी बोलतो मी, भाऊ हाये, पण कपाटाची चाबी माह्या कमरेले असते.

इंदूबाईनं माफ नाई केलं. म्या मागितली बी नाई. मागच्या बाजारी भेटली, तं म्हणे, भाऊ, दोन दिवस लाईट नव्हती, ऐकता नाई आलं. म्या त्याच पावली सेल घेऊन दिले. नमाजेत आजकाल पोराबाळांच्या पहिले तिचंच नाव येते. त्या बाईच्या घरची लाईट जाऊ नये, एवढीच दुआ मांगतो.