आम्ही हलवलेले बुरूज

माझा जन्म कुठला ते मला ठावं न्हाई. आई म्हणायची, घाट उतरून कोकणाच्या अंगाला चाललो व्हतो, वाटंत तू झालीस, कुठलं गाव ते कोण बघत बसतंय, दुसऱ्या दिवशी घोड्यावर टाकलं आन् पुढं निघालो. आधार कार्डावर जन्मगाव म्हणून दौंड तालुक्यातल्या या वस्तीचं नाव घातलंय ते खोटं हाय, लिहायचं तर लिहा. आमच्या मेंढ्या, दोन घोडी, घोड्यावर भांडी, भांड्यांवर कोंबड्या बांधलेल्या, आन् त्यावर मी. दसरा झाला की निघायचं, पावसाच्या तोंडाला माळावर परत यायचं. वाटंत कुणाच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत त्याला, ज्वारी आम्हाला. चुलत्यानं पाबळच्या बाजूला जरा जमीन केली व्हती, त्याच्याकडं मला ठेवलं म्हणून तिसरीपर्यंत शाळा झाली. वाचता येतं, सही येते.

तुमच्या त्या मशिनमधी हे सगळं जातंय व्हय? जाऊ द्या. पण लिहून झालं की मला वाचून दाखवा. मागं एक जण आला व्हता, झाडं वाचवणारा म्हणून, फोटो काढून गेला, आन् फोटोखाली माझ्या नावानं जे छापलं ते मी कवा बोललेच न्हाई. माळ माझी माय हाय म्हणं. माळ माळ हाय. माझी माय भांडखोर व्हती आन् ती मेली.

लग्न करून इथं आले तवा वस्तीला सात घरं, आन् पुढं नुसता माळ. तुम्हाला वाटंल माळ म्हंजी ओसाड, शहरातल्या सगळ्यांना तसंच वाटतं. तिथं पवन्या गवत हाय, मारवेल हाय, हिवर, बोरी, मधूनच बाभळ. हरणं हायेत, लांडगा हाय, खोकड हाय. लांडग्यानं माझी किती कोकरं नेली ती मोजली न्हाईत, पण त्याचं भांडण उघड असतं, तो दात दाखवून येतो. माळाचा मोठा तुकडा फॉरेस्टचा, आन् त्याला लागून एका पुण्याच्या माणसाची पड जमीन, जो कधी तोंड दाखवायला आला न्हाई. दोन्हीच्या मधी हद्दीवर बुरूज. बुरूज म्हंजी गडाचे न्हवं, धोंडे कमरंइतके रचायचे आन् वर चुना फासायचा, ती फॉरेस्टची खूण. आमच्या बाजूला असे पाच व्हते. मेंढी बुरजाच्या पलीकडं गेली की गार्ड दंडाची पावती फाडायचा. मेंढीला काय वाचता येतं का? जिथं गवत तिथं तोंड.

आता काय सांगू तुम्हाला, इथंच खरी गोष्ट हाय, आन् ही वस्तीवर सगळ्यांना ठावं असून कुणी बोलत नव्हतं. माझे सासरे, मामंजी, लई डोक्याचे. एका उन्हाळ्यात गार्डाची बदली झाली, नवा अजून यायचा व्हता. मामंजी म्हणले, जुन्याला हद्द ठावं व्हती, नव्याला फक्त बुरूज ठावं असणार. मग बुरूजच हलवले तर? नवा येईपत्तुर शेजारच्या हद्दीचा गार्ड फेरी मारायचा, तो दुपारी जेवून झाडाखाली आडवा व्हायचा, तेवढ्या वेळात आम्ही एकेक धोंडा उचलायचा. मी डोक्यावर, मालक खांद्यावर, धाकटा दीर दोन्ही हातात. कुणी विचारलं तर म्हणायचं, मेंढरांचा वाडा रचायला चाललाय. दीडशे-दोनशे पावलं आत, फॉरेस्टात नेऊन तिथं रचायचा. एक बुरूज हलवायला बरेच दिवस लागायचे. पाचही हलवले. वर नवा चुना फासला. नवा गार्ड आला, नव्या बुरजावर हात ठेवून उभा राहिला आन् म्हणला, ही तुमची हद्द, याच्या पलीकडं मेंढरू दिसलं तर बघा. मामंजी हात जोडून म्हणले, न्हाई साहेब, आम्ही हद्द मोडणारी माणसं न्हाई.

पण पहिला बुरूज उपसत खालच्या धोंड्यापत्तुर गेलो, तो उलथला, तर खाली कोळसा. दोन ओंजळी, नीट मांडून ठेवलेला, भोवती चुना. मामंजींनी हात मागं घेतला. म्हणले, करणी हाय. कुणीतरी माळावर करणी करून ठेवलीय म्हणून आपली कोकरं टिकत न्हाईत. आम्हाला काय ठावं की गोऱ्या साहेबाच्या काळात हद्द आखताना खुणंसाठी कोळसा पुरायची रीत व्हती, कोळसा कुजत न्हाई म्हणून. आम्ही त्याला बोट लावलं न्हाई. वर लिंबू कापला, कोंबडा दिला, चपटा धोंडा झाकला, माती लोटली. पाचही जागी कोळसा निघाला, पाचही जागी तेच केलं. मालक मला हळूच म्हणले, म्हातारा पावत्या वाचवायला निघाला आन् कोंबड्या संपवून बसला. त्या पाच जागांवर मग आम्ही कवा मेंढी बसू दिली न्हाई, पोर खेळू दिलं न्हाई. जनमभर वळसा घालून गेलो. त्यामुळं त्या जागा मला चुलीपासून उंबऱ्यापत्तुरच्या वाटंइतक्या पाठ.

मामंजी गेले, मालक गेले, दीर गेला. त्या दिराचा मुलगा दिगंबर. रांजणगावला कंपनीत पाळीवर जायचा, मग ते सोडलं, प्लॉटवाल्यांत शिरला आन् पांढरा शर्ट घालायला लागला. पांढरा शर्ट दुपारचा माळावर दिसला की मला बरं वाटत न्हाई. एक दिवस त्याच्याबरोबर दोन गाड्या आल्या, मग जेसीबी आला, मग बोर्ड आला. बोर्ड मी जवळ जाऊन वाचला. निसर्गाच्या कुशीत स्वप्नातलं घर, फॉरेस्ट टच. मी म्हणलं, दिगंबर, फॉरेस्ट टच म्हंजी काय रं? म्हणला, काकू, म्हंजी फॉरेस्टला लागून. मी म्हणलं, लागून कुठं, तुझं मशिन फॉरेस्टात उभं हाय. तो हसला. म्हणला, बुरूज बघ ना काकू कुठं हायेत ते. आन् माझ्याकडं बघतच राहिला. त्याच्या बापानंच धोंडे वाहिले व्हते, त्यानं पोराला सांगितलेलं असणार. पुण्याच्या माणसाची पड यांनी घेतली, आन् बुरजापत्तुरचा सगळा माळ त्यातच धरून पांढऱ्या रेघा मारल्या. रविवारी कंपनीतली माणसं बायकापोरं घेऊन यायची, रेघंत उभी राहायची आन् म्हणायची, इथं किचन, इथं बेडरूम. एका बाईनं मला विचारलं, मावशी, इधर पानी आता है क्या? मी म्हणलं, लांडगा आता है. ती परत दिसली न्हाई.

मग गावात माळ वाचवायला समिती झाली. समितीचा अध्यक्ष सरपंच. जेसीबी सरपंचाच्या मेव्हण्याचा. मी बैठकीत विचारलं, आप्पा, तुमचा एक हात माळ वाचवतोय आन् दुसरा उकरतोय, दोघांची गाठ पडते का न्हाई कवा? माणसं हसली. सरपंच म्हणला, आज्जी, तुम्ही फार संशय घेता. घेते. संशय घेतला न्हाई म्हणून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं न्हाई. अर्ज गेले, मोर्चा निघाला, आन् शेवटी ठरलं की सरकारी मोजणी व्हायची. मोजणीवाले म्हणले, जुन्या खुणा कुठं हायेत ते दाखवा, तिथून मशिन लावू. जुन्या खुणा म्हंजी बुरूज. आता आली का पंचाईत.

मोजणीच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळंला दिगंबर घरी आला. लुगडं आणलं व्हतं. म्हणला, काकू, कोपऱ्याचा एक प्लॉट तुझ्या नावानं काढतो. मी म्हणलं, मला घर हाय. मग आवाज खाली घेतला. म्हणला, काकू, फॉरेस्टचे बुरूज हलवणं गुन्हा हाय, आजोबांचं, काकांचं, तुझं नाव येईल, या वयात तुला जीपमधी घालतील. मी म्हणलं, तुझ्या बापाचं पण येईल की. तो उठला, पण लुगडं ठेवूनच निघाला. ते मी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर नेऊन टाकलं. तो गेला तशा वस्तीवरच्या बायका आल्या. म्हणल्या, जाऊबाई, काय बोलू नका, आमच्या सासऱ्यांनी पण चुना फासला व्हता, सगळी वस्ती गुतंल. माझा थोरला मुलगा म्हणला, आई, माळ वाचला तर फॉरेस्टवाला तारंचं कुंपण मारंल, आपली मेंढरं कुठं जातील? सगळेच खरं बोलत व्हते. मी विचार केला. गप राहिले तर तिथं घरं उभी राहतील, मग कुणाचीच मेंढरं न्हाईत, कुणाचीच हरणं न्हाईत, आन् आमच्या धोंड्यांवर दिगंबर बंगले बांधणार. बोलले तर मी चोर. चोर तर मी व्हतेच.

मोजणीला फॉरेस्टच्या मॅडम आल्या, पायात बूट, बोलणं गोड. गोड बोलणाऱ्या सरकारचा मला जास्त संशय येतो. दिगंबर सगळ्यांच्या देखत म्हणला, साहेब, आमच्या काकूला विचारा, तिचा जनम या माळावर गेलाय, बुरूज इथंच व्हते का न्हाई. त्याला वाटलं, स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याला ही चोर म्हणणार न्हाई. मी म्हणलं, बुरूज इथं नव्हते. आम्ही इथं आणले. मी, माझे सासरे, माझे मालक, आन् याचा बाप. मोजणीवाला मशिन सोडून माझ्याकडं बघायला लागला. वस्तीवरची माणसं खाली मान घालून गवत उपटायला लागली. सरपंच म्हणला, आज्जीचं वय झालंय. मी म्हणलं, तुझंच झालंय, मला अजून पाच जागा पाठ हायेत, चला.

मागं सगळे, पुढं मी. पहिल्या जागंला थांबले, म्हणलं, खणा. हातभर खणलं, काय न्हाई. दिगंबर मोठ्यानं हसला. मग ध्यानात आलं की जेसीबीनं वरची माती इकडची तिकडं केलीय, म्हणून मी दोन पावलं चुकले. कडंचं जुनं बोरीचं झाड खुणंला धरून परत चालले, म्हणलं, आता इथं खणा. पहार खण्णकन वाजली. चपटा धोंडा. तो उलथला, आन् खाली कोळसा, चुन्याच्या मधी, आम्ही ठेवला तस्साच. मोजणीवाला गुडघ्यावर बसला, हातात घेऊन बघितला, म्हणला, आज्जी, ही तर मूळ खूण हाय, हे कुणी जपून ठेवलं? मी म्हणलं, जपलं कसलं, भ्यालो व्हतो. दुसऱ्या जागी निघाला, तिसऱ्या जागी निघाला. चौथ्या जागंवर रस्ता केला व्हता, तिथला गेला. पाचवा निघाला. मागं बघितलं तर दिगंबर गाडीत बसून काच वर करत व्हता.

माझा जबाब घेतला. कागद पुढं करून सही करा म्हणले. मी म्हणलं, आधी वाचणार. एकेक अक्षर लावून सगळी पानं वाचली, उन्हं डोक्यावरून कलली, सगळे ताटकळले. शेवटचं पान अर्धं कोरं व्हतं, त्यावर रेघ मारायला लावली, मग सही केली. तिसरीची शाळा तिथं कामाला आली. मॅडम म्हणल्या, फार जुनी गोष्ट हाय, तुम्हाला कुणी काय करणार न्हाई. अजून केलं न्हाई. पुढचं मला ठावं न्हाई.

प्लॉटवाले कोर्टात गेलेत, तिथं बांधकामाला स्टे हाय. बोर्ड उभाच हाय, पण रविवारी कुणी येत न्हाई. सरपंचानं माझा सत्कार ठेवला, शाल माझ्या खांद्यावर आन् पेपरातल्या फोटोत पुढं तो. आन् जुन्या हद्दीवरून फॉरेस्टनं तार मारली, माझा मुलगा म्हणला तेच झालं. आमची मेंढरं आता लांबचा वळसा घालून कालव्याच्या कडंला जातात, तिथं उसाच्या पाचटावर आन् लोकांच्या शिव्यांवर जगतात. मुलगा निम्मी मेंढरं काढायची म्हणतोय. वस्तीवरच्या दोन घरांनी हळदीला बोलावलं न्हाई. न्हाई तर न्हाई. सकाळी तारंच्या आत हरणं चरताना दिसतात, आमच्या मेंढरांचं गवत खातात. राग येतो. येणारच. पण तिथं कुणाचं किचन न्हाई, बेडरूम न्हाई, हे पण दिसतं.

मी रोज तारंपाशी जाऊन बसते. परवा नवा गार्ड आला, चांगला मुलगा हाय, बायकोला बाळ झालंय म्हणून पेढा दिला मला. म्हणला, आज्जी, आता फॉरेस्टची काळजी आम्हाला हाय, तुम्ही उन्हात कशाला बसता, घरी जाऊन पडा. मी पेढा खाल्ला. म्हणलं, बाळाला औक्ष मिळू दे. तुझी बदली कवा हाय? म्हणला, तीनेक वर्षं तरी हाय मी. मी म्हणलं, मग तोवर मी पण हाय, सरक जरा, तिकडचं दिसत न्हाई मला.