प्रेमिलाताईंची चुकांची कार्यशाळा

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य मारोतराव चौधरी साहेब, सावनेरहून दवाखाना बंद ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉ. देवकी वैरागडे, व्यासपीठावरील मान्यवर, विभागातील सहकारी, विद्यार्थी-विद्यार्थिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या प्रा. प्रेमिलाताई मेश्राम,

प्रेमिलाताई पुढच्या आठवड्यात हैदराबादला जात आहेत. तिथल्या नव्या संशोधन केंद्रात, माणसांची बोली संगणकाला समजावी यासाठी जो विभाग उघडला आहे, त्याच्या त्या प्रमुख होणार. वर्तमानपत्रात तेवढंच आलं. पण हा विभाग मुळात निघाला कशातून, हे या सभागृहात फार थोड्यांना ठाऊक आहे. मी गणिताचा माणूस, रुपराव गावंडे. बोलण्यात पाल्हाळ असतो अशी माझी ख्याती आहे. अध्यक्ष महाराजांनी मध्येच घड्याळाकडे पाहिलं तरी मी ते पाहणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट तीनेक वर्षांपूर्वीची. डॉक्टर देवकीबाईंच्या दवाखान्यात सकाळी एवढी गर्दी व्हायची, की आधी कोणाला तपासावं हेच कळत नसे. प्रेमिलाताईंनी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. रुग्ण जे सांगेल ते नर्सनं रोमन अक्षरांत टाइप करायचं, आणि संगणकानं सांगायचं, याला लगेच आत घ्या, हा थांबला तरी चालेल. आमच्या प्रयोगशाळेत तो प्रोग्राम उत्तम चालला. आम्ही पेढे वाटले. मग कॉलेजचा लहान संगणक जीपमध्ये घालून सावनेरला नेला.

तिथे मनकर्णाबाई नावाच्या एक वयस्क बाई आल्या. म्हणाल्या, "छातीत दुखून राहिलं, बाई." नर्सनं शब्दाला शब्द टाइप केला. संगणकानं सांगितलं, घाई नाही, आठवड्यानं या.

आपण नागपूरकर हसाल, पण जरा विचार करा. "दुखून राहिलं" म्हणजे आत्ता, या क्षणी दुखतंय, हे आपल्याला कोणी शिकवावं लागतं का? संगणकाला मात्र पुस्तकातलं मराठी शिकवलं होतं. पाऊस राहिला म्हणजे पाऊस थांबला, तसं त्यानं धरलं, की दुखायचं थांबलं. देवकीबाई सहज बाहेर आल्या, त्यांनी मनकर्णाबाईंचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि हात धरून आत नेलं. हृदयविकाराचा झटका होता. त्या वाचल्या. त्या संध्याकाळी देवकीबाई एवढंच म्हणाल्या, की तुमच्या यंत्रानं हिला घरी पाठवलं होतं.

परत येताना जीप पाटणसावंगीच्या पुढे आल्यावर प्रेमिलाताई म्हणाल्या, "रुपरावजी, मी पारशिवनीची. माझी आई अजूनही असंच बोलते. शाळेत मला 'दुखत आहे' लिहायला शिकवलं, आणि मी आईचं बोलणं वहीच्या बाहेर ठेवलं. यंत्रातही तेच केलं."

दुसरं कोणी असतं तर प्रोग्राम गुपचूप दुरुस्त करून विषय मिटवला असता. तसा सल्ला त्यांना विभागातूनच मिळाला, आणि तो वाईट हेतूनं दिलेला नव्हता. त्यांच्या बढतीचं वर्ष होतं. पण त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेवरची राष्ट्रीय परिषद आपल्या नागपुरात भरायचं ठरलं. चारी दिशांच्या गाड्या इथून जातात, एवढीच आपली पात्रता, असं तेव्हा कोणीतरी म्हणालंही होतं. परिषदेच्या आदल्या दिवशी कार्यशाळा व्हायच्या होत्या आणि त्यांचे प्रस्ताव मागवले होते. प्रेमिलाताईंनी प्रस्ताव पाठवला. विषय एकच: आमचं यंत्र कुठे चुकलं. प्रत्येकानं आपली फसलेली गोष्ट घेऊन यायची. यशाबद्दल बोलायची मनाई.

निवड समितीचे प्रमुख, मद्रासचे डॉ. वरदाचारी, मोठे विद्वान आणि तितकेच सज्जन गृहस्थ. त्यांनी ट्रंककॉल केला. त्यांचं म्हणणं असं, की कल्पना चांगली आहे, पण स्वतःची फजिती सांगायला भाडं खर्चून कोण येईल? शीर्षकात 'प्रगती आणि आव्हाने' घाला, मी तुम्हाला मोठं सभागृह देतो. प्रेमिलाताईंनी नम्रपणे सांगितलं, की मोठं सभागृह नको, शीर्षक राहू द्या. मग मिळाली वरच्या मजल्यावरची एक खोली, तीही बाकं नसलेली.

पुढचे दोन महिने आम्ही कार्यशाळा भरवणं म्हणजे काय, ते शिकलो. देशभरच्या संस्थांना पत्रं गेली. उत्तरं मोठी वाचनीय होती. एका प्राध्यापकांनी कळवलं, की आमच्याकडे दाखवण्याजोगी चूक सध्या नाही, झाल्यास अवश्य कळवू. दुसऱ्यांनी आपल्या सहकाऱ्याची चूक पाठवायची तयारी दाखवली. होकार येत होते, पण अगदी तुरळक. समितीचा निरोप आला, की वक्ते पुरेसे नसतील तर कार्यशाळा रद्द करावी लागेल. तेव्हा प्रेमिलाताईंनी पत्र बदललं. आधी सगळ्यांना विचारत होत्या, तुमचं कुठे चुकलं? आता स्वतःचं काय चुकलं ते सविस्तर लिहिलं, मनकर्णाबाईंच्या परवानगीनं त्यांची हकिकतही लिहिली, आणि शेवटी विचारलं, असं तुमच्याकडे कधी झालं आहे का? त्यानंतर टपाल वाढलं. कार्यशाळा वाचली.

खोलीत बसायला काही नाही, म्हणून मी इतवारीतून सतरंज्या भाड्यानं आणल्या. हातगाडी चढावर ढकलताना संस्थेचा एक ख्यातनाम गणिततज्ज्ञ कसा दिसत होता, ते सांगायची ही जागा नव्हे.

कार्यशाळेच्या सकाळी खोली भरली. डॉ. वरदाचारीही दाराशी येऊन बसले. पण पहिल्यांदा कोण बोलणार? कोणी कागद चाळत होतं, कोणी चष्मा पुसत होतं. प्रेमिलाताई उठल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. पत्रात होतं त्याहून जास्त सांगितलं. जीपमधलं बोलणंसुद्धा.

त्या थांबल्यावर पुण्याहून आलेल्या एका तरुण संशोधकानं विचारलं, की त्या बाई दगावल्या असत्या तर जबाबदार कोण होतं? नर्स, डॉक्टर, की यंत्र?

मला वाटलं, आता सारवासारव ऐकावी लागणार. प्रेमिलाताई म्हणाल्या, "मी. यंत्राला मी शिकवलं होतं."

मित्रहो, त्या एका वाक्यानं खोलीतली हवा बदलली. तो तरुणच सतरंजीवरून उठला आणि म्हणाला, मग माझंही ऐका. त्याच्या यंत्रानं कारखान्यात कसा चुकीचा इशारा दिला होता, ते त्यानं सांगितलं. मग कानपूरच्या एक बाई उठल्या. मग आणखी कोणी. जेवणाची वेळ टळून गेली. मला वाढपी मंडळींची समजूत घालावी लागली. शेवटी डॉ. वरदाचारी उभे राहिले. आपली चूक सांगायला नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगतो. ते म्हणाले, की मी ही कार्यशाळा होऊ नये असंच इच्छित होतो. ती आता दरवर्षी व्हावी असा ठराव मी मांडतो.

त्या दिवशी सर्वांनी मिळून एक साधा नियम काढला: यंत्रानं माणसाचं बोलणं काय समजलं, ते आधी त्याच माणसाला वाचून दाखवावं, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये. हैदराबादचा विभाग त्या नियमावर उभा आहे.

सुधारलेला प्रोग्राम सावनेरला पुन्हा नेला, तेव्हा प्रेमिलाताईंनी आधी मनकर्णाबाईंना बोलावून विचारलं, लावू का? मनकर्णाबाईंनी संगणकासमोर खुर्ची ओढली, दुखणं नसताना मुद्दाम तेच वाक्य सांगितलं, आणि नर्सनं उत्तर वाचून दाखवलं, की तुम्हाला आत्ता दुखत आहे, बरोबर? मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता समजून राहिलं वं याले. लाव पोरी, लाव."

प्रेमिलाताई, तुम्ही गेल्यावर इथल्या आपल्या विभागाचं काय, असं गेले पंधरा दिवस लोक मला विचारत आहेत. त्यांना आज उत्तर देतो. आपल्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींनी यंदाच्या परिषदेसाठी स्वतःचा कार्यशाळेचा प्रस्ताव पाठवला होता. विषय, गोंडी बोलणाऱ्या माणसांना यंत्रानं कसं ऐकावं. त्यांनी तो पाठवण्यापूर्वी कोणालाच दाखवला नाही, तुम्हालासुद्धा नाही. तुम्ही दुरुस्त्या कराल अशी त्यांना भीती होती. काल मंजुरीची तार आली. त्या दोघी तिकडे मागच्या रांगेत बसल्या आहेत, आणि प्रेमिलाताई, कृपा करून आत्ता उठून त्यांच्याकडे जाऊ नका, माझं आभाराचं राहिलं आहे.

अध्यक्ष महाराजांचे, देवकीबाईंचे, फुलांची आणि चहाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींचे मनःपूर्वक आभार. बोलताना कोणाचं नाव सुटलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आणि आता ताई, तुम्ही जा त्यांच्याकडे. सभा थांबेल.