न वाचलेला शेवट

मंडळी, पुढं सरका. पुढं जागा आहे आणि मागं खांबाला टेकून झोपायची सोय आहे, हे मला ठाऊक आहे. पण आज झोपू नका. आज आख्यान वेगळं आहे.

आधी मला एक सांगा — मत्सर कुणाचा वाटतो हो माणसाला? शत्रूचा? छे. शत्रूचा राग येतो. मोठ्या माणसाचा? त्याच्यापुढं आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. मत्सर वाटतो तो आपल्या हाताखालून गेलेल्याचा. काल ज्याला आपण नाक पुसून ये म्हणून सांगत होतो, ते पोर आज आपल्या पुढं चार पावलं टाकतं, आणि आपल्या पोटात कळ येते. मग सांगा, आपण ज्याला शिकवलं त्याचाच मत्सर वाटला, तर माणसानं करावं काय?

आता तुम्ही म्हणाल, बुवा कुठल्यातरी ऋषीची गोष्ट काढणार. नाही. ऋषीला कशाला मध्ये घेऊ? हा मत्सर मला झाला होता. मला, या रंगनाथबुवाला, गळ्यात माळ आणि कपाळाला बुक्का असताना! आणि ही मागं उजवीकडं टाळ घेऊन उभी आहे ना, ही माझी नात ईश्वरी. आख्यान तिचंही आहे. तिची परवानगी काढली आहे. हसतेय बघा. हस बाई, पण टाळ सोडू नको.

तर ऐका. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जांभूळगावात दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी देवळात पोरांना गोष्ट सांगायचो. वीस वर्षं हा नेम. चाळीस-पन्नास पोरं बसायची, आणि बाया भाजी निवडायचं निमित्त काढून दाराशी यायच्या. माझी एक खोड होती. गोष्ट ऐन रंगात आली, की मी हात वर करायचो, आवाज उतरवायचो आणि गप्प. देऊळ गप्प. पोरांचे श्वास ऐकू यायचे. मग मी म्हणायचो, "पुढचं पुढच्या रविवारी." काय ओरडायची पोरं! मंडळी, खरं सांगतो, त्या ओरडण्यावर मी आठवडा काढायचो.

एके दिवशी नीलम आली. पंक्चर काढणाऱ्या शंकर कुंभाराची मुलगी, नववीत होती. बरोबर तिच्याच वयाची आणखी चार पोरं-पोरी. म्हणाली, बुवा, आम्ही तालुक्याला घरोघर फिरून जुनी पुस्तकं मागून आणली आहेत, तांदळाची तीन पोती भरली. शाळेच्या ओसरीवर चटया टाकून लहान पोरांना वाचून दाखवणार, घरी न्यायला देणार. आशीर्वाद द्या. मी दिला. नारळसुद्धा फोडला. मनात म्हटलं, दोन रविवार चालेल, मग पोती उंदरांना जातील. वेळ कोणती ठेवलीस, हेही विचारलं नाही. आशीर्वाद देणाऱ्याला कसली आलीय चौकशी?

वेळ कोणती? रविवार, सकाळी साडेनऊ. तिला वाटलं, आधी अर्धा तास बुवांची गोष्ट, मग पोरं आमच्याकडं येतील. बिचारीचा काही डाव नव्हता. पण पोरं अर्धा तास थांबतील तर ना!

पहिल्या रविवारी चाळीसची तीस झाली. मग अठरा. मग सात. मी मोजत होतो, मंडळी. कीर्तनकारानं देव बघावा, मी डोकी बघत होतो. गोष्ट सांगताना अर्धा कान शाळेकडं. तिकडून हसण्याचा आवाज आला, की माझ्या तोंडातलं वाक्य वाकडं व्हायचं. घरी आलो की मी कुणाशी बोलत नसे. भाकरी करपली म्हणून ताट सारलं. भाकरी करपलेली नव्हती.

आणि एका रविवारी समोर दोन पोरं. एक जन्मतः बहिरं, आणि दुसरं प्रसादासाठी थांबलेलं. अहो, हसता काय? तुमच्यावर ही वेळ आली असती म्हणजे कळलं असतं. पण त्या दिवशी मला लागलं ते वेगळंच. पहिल्या रांगेत, माझ्या पायाशी, दोन वर्षांची असल्यापासून जी बसायची, ती नव्हती. माझी ईश्वरी, आमची इसू. चौथीत होती. सगळी नित्यपाठाची पोथी मांडीवर घेऊन न अडखळता म्हणायची. मी चार गावांत सांगत फिरायचो, माझी नात पोथी वाचते म्हणून. आणि ती नात माझी गोष्ट टाकून पंक्चरवाल्याच्या पोरीच्या चटईवर गेली होती.

मी उठलो. उपरणं डोक्यावरून घेतलं आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभा राहिलो. साठ वर्षांचा माणूस, चोरून बघतोय! ओसरीवर पोरं दाटीनं बसलेली. इतर पोरी छोट्यांना पुस्तकं निवडून देत होत्या, आणि मध्ये नीलम, हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन. गोष्ट फुला नावाच्या पोरीची. तिची शेळी पडक्या विहिरीत पडते. फुला दोर बांधून उतरते. निम्म्यात जाते न जाते, तर वरती दोर काठावर घासायला लागतो. एक पीळ तुटला. दुसरा पीळ तुटला. आणि नीलमनं हात वर केला, आवाज उतरवला आणि गप्प.

अहो, तो हात माझा होता! ते गप्प बसणं माझं होतं. पाच वर्षांची असल्यापासून ही पोर माझ्या देवळात बसली होती, तिथंच उचललं तिनं. फक्त शेवट निराळा. मी म्हणायचो, पुढचं पुढच्या रविवारी. ती म्हणाली, "पुढचं पुस्तकात आहे. कोण नेणार?"

सगळे हात वर. आणि तिनं पुस्तक दिलं ईश्वरीला. म्हणाली, शेवटची चार पानं राहिलीत, सावकाश वाच, पुढच्या रविवारी तू आम्हाला वाचून दाखवायचं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कला माझी, नात माझी, आणि टाळ्या हिला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. ईश्वरी शाळेतून आली, की जिन्याखाली जाऊन बसायची. पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर, ओठ हलताहेत. एरवी माझे पाय चेपत गोष्ट मागायची. मी खोकलो, मी हाक मारली, मी मुद्दाम चष्मा हरवला. "आलेच आबा," म्हणायची आणि यायची नाही. तीन दिवसांत एक पान उलटलं तिनं. मला वाटलं, एवढी गोडी लागली की काय या पुस्तकाची, की पान सोडवत नाही!

गुरुवारी एकादशी होती. दुपारी पोर शाळेत गेलेली. मी जिन्याखालून पुस्तक काढलं. दोर तुटतो, फुला कमरेएवढ्या पाण्यात पडते, वर आभाळ ताटलीएवढं दिसतं, इथवर वाचलं. पुढची तीन पानं वाचायला कितीसा वेळ लागला असता? पण मी मिटलं. म्हटलं, वाचायचं काय त्यात? चाळीस वर्षं कीर्तन करतोय. पोर विहिरीत आहे, आर्त हाक मारली, की पुढं काय होतं ते मला कुणी शिकवायचं?

आणि त्या संध्याकाळी कीर्तनात मी आख्यान लावलं, फुलाचं! सगळं गाव होतं. पोरं होती, नीलम होती. दोर तुटला. पोरगी पाण्यात. तिनं हाक मारली, आणि काय सांगू, काठावर एक धनगर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, कमरेवर हात. त्यानं काठी खाली सोडली, पोरगी वर आली, शेळी वर आली, मागं बघते तर धनगर नाही. नुसता तुळशीचा वास. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. असं आख्यान माझं उभ्या जन्मात रंगलं नव्हतं. मी नीलमकडं बघितलं. म्हणजे खास बघितलं. घे, म्हटलं. आता कुणाला हवंय तुझं पुस्तक? शेवट मी वाटून टाकला गावाला.

तेवढ्यात मागचा एक टाळ थांबला. बारा टाळांतला एक थांबला तरी मला कळतं. वळून बघितलं, तर ईश्वरीचे हात खाली. डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटलं, भक्तीनं रडतेय. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम दारात. मी मनात म्हटलं, आली भांडायला. भांडण नाही, काही नाही. पुस्तक हातात होतं. ईश्वरीनं शाळेच्या वाटेवर तिला परत दिलं होतं. म्हणाली, "बुवा, इसूला वाचता येत नाही."

मी हसलो. म्हटलं, कुणाला सांगतेस? सगळी पोथी वाचते ती.

"तिला पोथी पाठ आहे, बुवा. पान कधी उलटायचं तेसुद्धा पाठ आहे. तिनंच मला सांगितलं, आणि आबांना सांगू नको म्हणाली. शेवट कळायचा होता म्हणून एकेक अक्षर लावत होती. एक पान झालं होतं."

बोलून झालं, पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं आणि ती गेली.

आता तुम्हाला वाटेल, बुवांना पश्चात्ताप झाला. देवळात उभा आहे, खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मनात आलं ते असं — माझ्या नातीचं गुपित माझ्या आधी हिला कळलं कसं? बघा मत्सर कसा असतो ते! घर जळतंय, आणि हा विचारतोय की शेजाऱ्याला आधी कसं दिसलं.

मग मी आत गेलो. ईश्वरी शाळेतून आली तेव्हा पोथी काढली. नेहमीच्या जागेचं नाही, मधलंच एक पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, हे वाच बाळा. तिनं ओळीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि तिनं दुसरंच काहीतरी म्हणायला सुरुवात केली, पाठ असलेलं, घाईघाईनं, मी रागवू नये म्हणून. मी पोथी मिटली. चार गावांत जिचा तोरा मिरवला, ती पोर माझ्या भीतीनं चार वर्षं वाचायचं सोंग करत होती. तेव्हा मात्र माझं काळीज हललं.

पण आता करायचं काय? एकदा सांगितलेला शेवट काढून घेता येतो का? तिच्या ओढीलाच मी नख लावलं होतं. मी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. तिनं सारलं. म्हणाली, "आता कशाला वाचू? देव येतो ना."

आणि मंडळी, माझी लबाडी त्या दिवशी माझ्या कामाला आली. मी म्हटलं, "इसू, मी तो शेवट वाचलाच नाही. मनानं सांगितला."

"मग पुस्तकात काय आहे?"

"मला माहीत नाही."

"वाचून सांगा ना आबा."

आता बघा. जन्मभर गोष्ट सांगणारा माणूस, आणि नात तोंडानं मागतेय, सांगा म्हणून. महिनाभर हेच ऐकायला मी तडफडत होतो. जीभ शिवशिवली माझी. आणि मी म्हटलं, "नाही. तूच मला सांग."

पुढच्या एकादशीपर्यंत पंधरा दिवस. रोज संध्याकाळी नीलम यायची, आमच्याच जिन्याखाली दोघी बसायच्या. मी ओसरीवर, जपमाळ हातात, कान आत. मत्सर वाटत होता? वाटत होता! शिकवताना नीलमचा आवाज कधी चढला नाही, आणि माझा नेहमी चढतो, हे मला तिथं बसून ऐकावं लागलं.

एकादशीला कीर्तन उभं राहिलं. मी गावाला सांगून टाकलं की मागच्या वेळी सांगितलेला शेवट माझ्या पदरचा होता, पुस्तक मी वाचलं नव्हतं. कुजबुज झाली. पाटलांच्या भागीरथीकाकू म्हणाल्या, आम्ही एवढं रडलो ते फुकट का? मी म्हटलं, फुकट. आणि हा माझा गळ्यातला हार काढून पेटीवर ठेवला, आणि नातीला पुढं बोलावलं.

बोट ओळीवर ठेवून वाचायला लागली पोर. अक्षर लावत, अडत, मागं जात. दोन पानांना पाव तास लागला. एक माणूस उठला नाही. तंबाखूची डबी वाजली नाही. फुला पाण्यात. अंधार. जवळच कुठंतरी शेळीचं ओरडणं. फुलानं भिंत चाचपली, हाताला काहीतरी लागलं, आणि ईश्वरीनं हात वर केला, आवाज उतरवला. गप्प.

मंडळी, गाव कासावीस झालं. भागीरथीकाकू पुढं आल्या, "अगं, पण देव आला का नाही?"

ती म्हणाली, "पुढचं पुस्तकात आहे, काकू. रविवारी या, नंबर लावा."

मी तिथं उभ्यानं रडलो. आणि खोटं नाही सांगत, त्यातलं एखादं आसू मत्सराचं होतं. इतकं छान थांबायला मला कधी जमलं नव्हतं.

रविवारी मी चटईवर जाऊन बसलो, सगळ्यात मागं. नीलमला म्हटलं, मला दे ते पुस्तक. ती म्हणाली, "बुवा, तुमच्या आधी अकरा जण आहेत." थांबलो. बारावा नंबर आला तेव्हा वाचलं. माझ्या शेवटासारखं नव्हतं, एवढंच सांगतो.

तर आता तुमची पाळी. मी बोलत असताना तुमच्या मनात एक नाव येऊन गेलं. आलं ना? माना खाली का घालता? धाकटी जाऊ असेल, हाताखालचा कारागीर असेल, काल शिकवलेला शिष्य असेल. मत्सर जात नाही हो, माझाही गेलेला नाही. पण त्याला एका कामाला लावता येतं. उद्या सकाळी त्या माणसाच्या दारात जा, खाली बसा, आणि म्हणा, तू हे कसं केलंस ते मला दाखव. जड जाईल. मला अकरा पोरांच्या मागं बसावं लागलं होतं.

ईश्वरी आता नववीत आहे, नीलम कॉलेजात. दोघींनी आज पोतं आणलं आहे, आरती झाली की त्या दक्षिणेकडच्या खांबापाशी बसतील. पोरांना आधी येऊ द्या. हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तकही त्यात आहे.

काय म्हणालात, या पुढच्या काकू? तुम्हीही तेच विचारता? देव आला का?

मी सांगणार नाही. मी एकदा सांगून चुकलोय. पेटीवाले, भैरवी धरा. आणि तुम्ही सगळे हात वर करा, ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव मनात ठेवा, आणि तोंडानं त्या सावळ्याचं नाव घ्या, खणखणीत!